मेलेल्या यंत्रांचे विष कुणी सोसायचे?

मिक्सर जळतो, मोबाईलची बॅटरी फुगते, पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही पोटमाळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहतो. मग एक दिवस भंगारवाल्याची हाक येते. वस्तू काट्यावर चढते, हातात थोडे पैसे पडतात आणि आपण म्हणतो, चला, अडगळ गेली.

आपल्या खोलीतून ती गेली हे खरे. पण ती जाते कुठे? मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावीच्या गल्ल्यांत. दिल्लीत सीलमपूरला. उत्तर प्रदेशात मुरादाबादला, रामगंगेच्या काठी. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये, कधी राहत्या खोलीच्या उंबऱ्यावर ती फोडली जाते. तार जाळून तांबे काढतात, किट ॲसिडमध्ये बुडवून सोन्याचा कण शोधतात, उरलेली राख गटारात जाते. हे काम करणारे हात बहुतेक दलित, मुसलमान आणि परप्रांतातून पोटासाठी आलेल्या गरिबांचे असतात. म्हणजे एका वस्तीची अडगळ निघते ती दुसऱ्या वस्तीत जाऊन पडते, आणि टॉवरमधली तर सगळीच आपल्याकडे येते.

हा विषय आरोग्याच्या पानावर घेण्याचे कारण हेच की या अडगळीत विष आहे. आणि दुसरे कारण असे की ते विष निस्तरण्याचा खर्च कुणी करायचा, हे आपल्या देशाच्या कायद्याने ठरवून दिले आहे. तो खर्च ज्या कंपनीने वस्तू बनवून विकली तिचा आहे. प्रत्यक्षात मात्र किंमत मोजतात आपली फुप्फुसे आणि आपली लेकरे. हे कसे होते, आणि आपण काय करू शकतो, ते नीट समजून घेऊ.

यंत्राच्या पोटात काय असते?

जुन्या पिक्चर ट्यूबच्या जाड काचेत शिसे मिसळलेले असते. मोठ्या ट्यूबमध्ये ते किलो-दोन किलोपर्यंत भरते. जुन्या किटवर पुर्जे जोडायला जे सोल्डर वापरत, त्यात सुमारे चाळीस टक्के शिसेच असे. ट्यूबलाइट आणि सीएफएल बल्बमध्ये पारा असतो. जुन्या चार्जिंगच्या बॅटरीत कॅडमियम असते. टीव्ही आणि कॉम्प्युटरच्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून ब्रोमीनची रसायने मिसळतात. तेच प्लास्टिक उकिरड्यावर जाळले की ती रसायने धुरातून बाहेर पडतात. वायरीवरचे वेष्टन पीव्हीसीचे. ते उघड्यावर जाळले की आम्लाचे झोंबणारे धूर निघतात आणि डायॉक्सिन नावाचे अतिविषारी पदार्थ तयार होतात.

वस्तू धड असेपर्यंत यातले बहुतेक विष आतच बंद असते. घरात टीव्ही ठेवला म्हणून कुणी आजारी पडत नाही. ती फोडली, जाळली, ॲसिडमध्ये टाकली की ते मोकळे होते. म्हणून धोका सर्वांत जास्त फोडणाऱ्याला, त्याच्या शेजाऱ्याला आणि त्याच्या घरातल्या मुलांना.

शरीरात काय होते?

सर्वांत आधी शिशाविषयी बोलू, कारण ते मुलांची बुद्धी खाते. शिशाची धूळ कपड्यांवर, केसांवर, नखांत बसून घरी येते. रांगणारे मूल जमिनीवरून हात फिरवते आणि तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर जेवढे शोषते, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाचे शरीर शोषते. शिसे हाडांत आणि दातांत साठून राहते. बाई गरोदर राहिली की हाडांतले साठलेले शिसे पुन्हा रक्तात उतरते आणि गर्भापर्यंत पोहोचते. म्हणजे आईने लग्नाआधी केलेल्या कामाचा त्रास पोटातल्या बाळाला होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे: शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणून माहीत नाही. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले तर ते कुठून येते ते शोधून थांबवावे, असे ती सांगते. लक्षणे मात्र फसवी असतात. पोटदुखी, बद्धकोष्ठ, थकवा, चिडचिड, अंगात रक्त कमी असणे. मूल अभ्यासात मागे पडते, एका जागी बसत नाही. आपण म्हणतो पोरगं मस्तीखोर आहे, शिक्षक म्हणतात ढ आहे. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आपण मुलांच्या कानावर घालतो. ज्या मुलाच्या रक्तात शिसे आहे त्याचे शिकणे शाळेत जाण्याआधीच कमी होते, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे.

दुसरा धोका धुराचा. ॲसिडच्या वाफा फुप्फुसात गेल्या की आधी घसा जळतो, डोळे चुरचुरतात. कधी त्या वेळी फारसे काही वाटत नाही आणि काही तासांनी धाप लागते, फुप्फुसात पाणी होते. अशा वेळी घरी झोपून राहणे जिवावर बेतू शकते. डायॉक्सिन चरबीत साठते, आईच्या दुधात उतरते आणि कर्करोगाचा धोका वाढवते. ज्या जागी वायरी जाळल्या जातात तिथे कोंबड्या, शेळ्या चरत असतील तर त्यांच्या अंड्यांत आणि दुधातही ते येते.

तिसरा धोका अपघाताचा. पिक्चर ट्यूब फुटली की काचा उडतात. फ्रीजच्या नव्या प्रकारांत पेट घेणारा वायू असतो; नळी कापताना ठिणगी पडली तर भडका उडतो. मोबाईलच्या लिथियम बॅटरीला खिळा लागला तर ती पेट घेते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मुले आणि ई-कचरा याविषयी अहवाल काढला. त्यात म्हटले आहे की जगभर सुमारे १ कोटी २९ लाख स्त्रिया कचऱ्याच्या असंघटित कामात आहेत आणि त्यामुळे त्यांना व त्यांच्या पोटातल्या बाळांना या विषाचा धोका आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला एक चतुर्थांशसुद्धा नोंद ठेवून, योग्य रीतीने हाताळला गेला नाही. उरलेला कुठे गेला असेल हे वस्तीत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

ज्याने विकले त्याने निस्तरावे

टीव्ही विकणारी कंपनी नफा घेते. टीव्ही मेला की तो फोडण्याचा, त्यातले विष सांभाळण्याचा खर्च मात्र नगरपालिकेवर, नदीवर आणि भंगार फोडणाऱ्याच्या शरीरावर टाकला जातो. हे उलटे करायचे, वस्तूच्या शेवटाचा खर्चही ती बनवणाऱ्याच्या माथी मारायचा, असा विचार स्वीडनमधील थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० साली मांडला. त्यामागची युक्ती साधी होती. शेवटचा खर्च आपल्याच खिशातून जाणार म्हटल्यावर कंपनी वस्तूच अशी बनवील की ती जास्त टिकेल, सहज उघडेल आणि तिच्यात विष कमी असेल. पुढे युरोपीय संघाने २००३ साली विजेच्या उपकरणांसाठी असा कायदा केला. जपानमध्ये टीव्ही, फ्रीज, एसी आणि वॉशिंग मशीनसाठी तो २००१ पासून लागू आहे.

भारतात हा विचार २०११ च्या ई-कचरा नियमांतून आला. ते १ मे २०१२ पासून लागू झाले. मग २०१६ चे नियम आले. आज चालू आहेत ते २०२२ चे नियम, १ एप्रिल २०२३ पासून. सरकारी भाषेत याला विस्तारित उत्पादक जबाबदारी म्हणतात. कार्यालयात गेलात तर ‘ईपीआर’ हा शब्द ऐकू येईल.

नियमांत काय आहे ते थोडक्यात पाहू. आधी २१ प्रकारच्या वस्तू यात होत्या, आता १०६ आहेत. मोबाईल, टीव्ही, फ्रीज, मिक्सर, इस्त्री, खेळणी, सोलर पॅनेलपर्यंत सगळे आले. कंपनीने पूर्वी किती माल विकला, त्यावरून दर वर्षी तिला किती कचऱ्याची विल्हेवाट लावायची ते ठरते. समजा एखाद्या वस्तूचे आयुष्य दहा वर्षे धरले, तर दहा वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्के कचऱ्याचा आज पुनर्वापर व्हायला हवा. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी हे प्रमाण ६० टक्के होते. २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ७० टक्के. २०२७-२८ पासून ८० टक्के.

कंपनी हे काम स्वतः करत नाही. नोंदणीकृत पुनर्वापर कारखाना कचऱ्यातून धातू काढतो, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याची नोंद होते आणि त्याला प्रमाणपत्रे मिळतात. कंपनी ती प्रमाणपत्रे पैसे देऊन विकत घेते. प्रमाणपत्रे कमी पडली तर पर्यावरण भरपाई भरावी लागते, आणि भरपाई भरली म्हणून उरलेले काम माफ होत नाही.

याच नियमांत शिसे, पारा, कॅडमियम यांवर मर्यादाही आहे. काही सवलती सोडल्या तर नव्या वस्तूच्या कोणत्याही एकजिनसी भागात शिसे वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा आणि कॅडमियम ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये.

मग पैसा आपल्या गल्लीत का येत नाही?

कागदावर व्यवस्था चांगली आहे. ती कुठे गळते ते पाहिले पाहिजे.

पहिली गळती अशी. घराघरांतून कचरा गोळा करणारा, पाठीवर पोते घेऊन फिरणारा माणूस या साखळीतला पहिला दुवा आहे. त्याच्याशिवाय कारखान्याला माल मिळत नाही. पण प्रमाणपत्राचा पैसा कंपनीकडून कारखान्याकडे जातो. तिथून खाली, गोळा करणाऱ्यापर्यंत तो पोहोचलाच पाहिजे असे सांगणारी तरतूद कमजोर आहे. २०१६ च्या नियमांत कंपनीने संकलन केंद्रे उभारण्यावर भर होता. २०२२ च्या नियमांत तो प्रमाणपत्रांवर गेला.

दुसरी गळती प्रमाणपत्रांच्या हिशेबात आहे. तो मुख्यतः चार धातूंवर चालतो: सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणजे ज्याला बाजारात भाव आहे ते मोजले जाते. शिसे असलेली काच, पारा असलेली ट्यूब, ब्रोमीनचे प्लास्टिक यांना भाव नाही. विषारी भाग सुरक्षित जागी पोहोचवण्याचे बंधन कारखान्यावर आहे, पण भंगाराच्या गल्लीत तांबे काढून घेतल्यावर उरलेले विष उचलायला कुणी येत नाही.

तिसरी गळती दराची. प्रमाणपत्रे फार स्वस्त झाली तर खरे काम करणारा कारखाना बंद पडतो आणि फक्त कागद रंगवणारा टिकतो. प्लास्टिक कचऱ्याच्या अशाच व्यवस्थेत २०२३ साली लाखो बनावट प्रमाणपत्रे केंद्रीय मंडळाला सापडली होती. म्हणून सरकारने २०२४ साली घरगुती उपकरणांच्या ई-कचऱ्यासाठी किलोला किमान २२ रुपये द्यावेत असे ठरवले. त्यावर काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हा बोजा जड आहे, असे त्यांचे म्हणणे. एका टीव्हीमागे काही शे रुपयांचा हा बोजा आहे. तो कंपनीला जड वाटत असेल, तर तोच बोजा फोडणारा आपल्या फुप्फुसांवर किती वर्षे वाहतो आहे, याचाही हिशेब कुणीतरी न्यायालयात मांडला पाहिजे.

चौथी गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची, आणि ती गळती नव्हे. ती आपल्याला अजून माहीत नसलेली तरतूद आहे. २०२२ च्या नियमांत राज्य सरकारवर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. उद्योग विभागाने औद्योगिक वसाहतींत ई-कचरा सुटा करण्यासाठी जागा किंवा शेड राखून ठेवायची. कामगार विभागाने या कामातल्या कामगारांची नोंद करायची, त्यांना मान्यता द्यायची, त्यांचे गट उभे करायला मदत करायची, त्यांना प्रशिक्षण द्यायचे आणि दर वर्षी त्यांच्या सुरक्षिततेवर व आरोग्यावर देखरेख ठेवायची. ही मेहरबानी नाही. नियमात लिहिलेले काम आहे.

मेलेले ढोर आणि मेलेले यंत्र

गावगाड्यात मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांवर लादले होते. ढोर दुसऱ्याचे, दूध दुसऱ्याने प्यायलेले, शेत दुसऱ्याचे नांगरलेले. मेल्यावर मात्र ते आपले. बाबासाहेबांनी हे काम सोडायला सांगितले. १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत मांस सोडण्याचे आवाहन झाले. ढोर ओढणे सोडल्याने कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब मांडणारे लोकही तेव्हा होते. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या हिशेबाचा समाचार घेतला. पैशापेक्षा इज्जत मोठी, हे त्यांनी समाजाला पटवून दिले.

आज शहरातल्या मेलेल्या यंत्राचा मामला तसाच आहे. थंड हवा दुसऱ्याने खाल्ली, नफा कंपनीने घेतला, यंत्र मेल्यावर ते आमच्या दारात. आणि हिशेब मांडणारे आजही सांगतात की यातून गरिबांना रोजगार मिळतो.

रोजगार मिळतो हे खोटे नाही. म्हणून जे भाऊ-बहिणी या धंद्यात आहेत त्यांना आम्ही दोष देत नाही, आणि उद्या काम सोडा असेही सांगत नाही. चूल पेटली पाहिजे. पण जे काम समाजाच्या उपयोगाचे आहे, ज्यात तांबे-सोन्यासारखा माल पुन्हा वापरात येतो, ते काम शेडमध्ये, यंत्राने, योग्य मजुरीवर आणि विम्यासह का होऊ नये? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती त्या काळातली. कामगाराचे शरीर ही मालकाने फुकट वापरायची वस्तू नाही, हा विचार त्यामागे होता. संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची न्याय्य आणि मानवी परिस्थिती, अनुच्छेद ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य, आणि अनुच्छेद २४ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामाला बंदी आहे. ई-कचऱ्याच्या गल्लीत तिन्ही एकदम लागू पडतात.

धम्मही याविषयी बोलतो. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आपण हे वाचताना विष विकणारा म्हणजे कुणीतरी बाटली घेऊन बसलेला माणूस समजतो. ज्या वस्तूत विष आहे ती विकून तिच्या शेवटाकडे पाठ फिरवणे हाही विषाचाच व्यापार नाही का, याचा विचार कंपन्यांनी करायचा आहे, आणि विकत घेणाऱ्यांनीही.

घरात आजपासून काय करावे?

कायदा गल्लीत येईपर्यंत थांबता येत नाही. जे या कामात आहेत त्यांच्यासाठी आधी सांगतो.

वायर जाळू नका. चाकूने किंवा सोलण्याच्या हातयंत्राने सोला. सोललेल्या तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा भाव बरा येतो.

किट ॲसिडमध्ये टाकण्याचे काम घरात किंवा वस्तीत करूच नका. त्याला घरगुती सुरक्षित पद्धत नाही. किट अख्खेच विका. तोंडाला रुमाल बांधून वाफा अडत नाहीत.

पिक्चर ट्यूब फोडू नका, फ्रीजची नळी कापू नका, फुगलेल्या बॅटरीला टोचू नका. फुगलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवा आणि वेगळी द्या.

कामाचे कपडे आणि चपला घराबाहेर. घरात शिरण्याआधी हात-तोंड साबणाने धुवा, मगच लेकराला उचला. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. कामाच्या जागी जेवू नका, विडी-तंबाखू तोंडात घालू नका. हाताची धूळ सरळ पोटात जाते.

धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ट्यूबलाइट किंवा सीएफएल फुटला तर मुलांना बाहेर काढा, दार-खिडकी उघडा, काचा पुठ्ठ्याने गोळा करून झाकणाच्या डब्यात भरा आणि जागा ओल्या कागदाने पुसा.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि मुले यांनी या कामापासून लांब राहावे. शाळेतून आल्यावर पोरगं जरा हातभार लावतं, असे म्हणू नये.

गूळ खाल्ला की धूळ निघून जाते, हा समज आहे. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की शिसे जास्त शोषले जाते, म्हणून नाचणी, पालेभाजी, डाळी, अंडी, दूध आणि सोबत लिंबू किंवा आवळा हा आहार मुलांना जरूर द्या. पण शिशाची धूळ घरात येत असेल तर कोणताही आहार पुरा पडत नाही.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना कामाविषयी स्वतःहून सांगा. पोटदुखीची गोळी घेऊन परत येऊ नका. आम्ही वायरी सोलतो, किट फोडतो, असे सांगा आणि हिमोग्लोबिनबरोबर रक्तातल्या शिशाची तपासणी कुठे होते ते विचारा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात त्याची चौकशी करता येते. ॲसिडच्या वाफा छातीत गेल्या असतील तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जे या कामात नाहीत, फक्त जुन्या वस्तू काढून टाकतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वस्तू दुरुस्त होत असेल तर आधी दुरुस्त करा. आपल्या वस्तीतल्या मोबाईल आणि टीव्ही दुरुस्तीच्या दुकानदारांनाही २०२२ च्या नियमांत नूतनीकरण करणारा म्हणून नोंदणीचा मार्ग आहे, हे त्यांना सांगा. आणि बॅटरी, ट्यूबलाइट, चार्जर ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका; डम्पिंगवर ती आपल्याच कुणाच्या तरी हाताला लागते.

मंडळाने आणि विहाराने काय करावे?

एकट्या माणसाने कंपनीला जाब विचारणे कठीण आहे. संघटित होऊन विचारता येतो. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांनी कष्टकरी पंचायत उभी केली. ओळखपत्रे मिळवली आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेतून महापालिकेबरोबर कामाचा करार केला. वेचणारी बाई चोर नाही, कामगार आहे, हे त्यांनी महापालिकेकडून मान्य करून घेतले. ई-कचऱ्यातही हे होऊ शकते.

पहिले काम माहिती मागण्याचे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, आणि उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. कामगार विभागाला तीन प्रश्न विचारा. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार आमच्या जिल्ह्यात किती कामगारांची नोंद केली? त्यांच्या आरोग्याची वार्षिक देखरेख कोणत्या तारखांना झाली? किती गटांना मदत केली? उद्योग विभागाला विचारा, कोणत्या औद्योगिक वसाहतीत किती जागा राखून ठेवली? उत्तर ‘निरंक’ आले तर तोच कागद घेऊन आमदारांकडे, कामगार आयुक्तांकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जा.

दुसरे, या कामातल्या माणसांची यादी वस्तीत आपणच करा. ज्यांचे ई-श्रम कार्ड नाही त्यांचे काढा. केंद्राच्या नमस्ते योजनेत आधी गटार आणि सेप्टिक टाकीचे सफाई कामगार होते. २०२४ पासून कचरा वेचकांनाही त्यात घेतले आहे. त्यात गणना, सुरक्षा साधने आणि आरोग्य विमा आहे. आपल्या वॉर्डात गणना झाली का, हे महापालिकेत विचारा.

तिसरे, वर्षावासात किंवा १४ एप्रिलच्या तयारीत एक दिवस ई-कचरा संकलनाचा ठेवा. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतून नोंदणीकृत पुनर्वापर कारखाना शोधा, त्याची गाडी त्याच दिवशी यावी असे ठरवा आणि वजनाची पावती घ्या. माल विहारात साठवून ठेवू नका. तिथे मुलांची अभ्यासिका असते. वस्तीतल्या भंगारवाल्यालाही या दिवसात सामील करून घ्या, त्याचा वाटा ठरवा. त्याचे पोट मारून पर्यावरण वाचवायचे नाही.

चौथे, त्याच दिवशी आरोग्य तपासणी ठेवा. आरोग्य केंद्राला पत्र देऊन मुलांचे हिमोग्लोबिन, वाढ आणि या कामातल्या माणसांची छाती तपासून घ्या. कुठल्या गल्लीत धूर होतो, कुठल्या घरातली मुले वारंवार आजारी पडतात, हे महिला मंडळातल्या बायांना कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्यांनी ते वहीत लिहून ठेवावे. अशी तारीखवार लिहिलेली वही पुढे पुरावा म्हणून उभी राहते.

धुराची तक्रार करताना एक भान ठेवू. तक्रार झाली की पोलीस येतात, दोन पोरांना उचलतात, शेड मोडतात आणि महिन्याने तेच काम आणखी आतल्या गल्लीत सुरू होते. म्हणून आपल्या तक्रारीच्या अर्जात मागणी अशी लिहू: जाळणे बंद करा, आणि जाळणाऱ्याला नोंदणी, शेड व सोलण्याचे यंत्र द्या. त्याचा खर्च ज्या कंपन्यांचा माल जळतो आहे त्यांच्याकडून, त्यांनी भरलेल्या पर्यावरण भरपाईतून वसूल करा.

कंपनीच्या जाहिरातीत नवा टीव्ही भिंतीवर चमकताना दिसतो. त्याच्या खोक्यावर आणि माहितीपत्रकात कचराडब्यावर फुली मारलेले एक छोटे चित्र असते. त्याचा अर्थ, ही वस्तू कचऱ्यात टाकायची नाही. पुढच्या वेळी घरात नवी वस्तू आली की ते चित्र मुलांना दाखवा, त्याचा अर्थ सांगा, आणि दुकानदाराला विचारा: ही मेल्यावर तुमची कंपनी कुठून परत नेणार, पत्ता द्या. वस्तीतल्या शंभर घरांनी हा प्रश्न विचारला तर दुकानदाराला तो वर पोहोचवावाच लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!